सातबाऱ्यावर सतरा नावं: सामाईक जमिनीत आपलं नेमकं काय असतं?

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. कणकवलीजवळच्या एका वाडीत, ओळखीच्यांच्या ओटीवर बसलो होतो. घरच्या आत्या माहेरी आल्या होत्या, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडी घातलेला सातबारा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माझां नाव खंय आसा तां बघ."

सतरा नावं होती. मयतांच्या नावांना कंस केलेले, ती यात धरली नाहीत. मी एकेका ओळीवरून बोट फिरवत गेलो: आत्यांचे भाऊ, भावजया, भाचे, एका भाच्याची बायको आणि तिची दोन मुलं. आत्यांचं नाव नव्हतं. वडील १९८६ साली गेले, पुढच्या वर्षी वारसनोंद झाली, तेव्हा फक्त भावांची नावं लागली. आत्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि विचारलं, "मगे माझो हक्क गेलो?"

त्याच वर्षी मे महिन्यात डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी नेमका उलटा प्रश्न विचारला होता. त्यांनी एका गावकऱ्याकडून पाच गुंठे घेतले, रीतसर खरेदीखत झालं, सातबाऱ्यावर नाव चढलं. चिरे उतरवून गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायला गेले तर विकणाऱ्याचे चुलतभाऊ आडवे आले. "माझं नाव सातबाऱ्यावर आहे, मग मला अडवतात कसे?"

एकीचं नाव नाही म्हणून तिला वाटतं हक्क गेला. दुसऱ्याचं नाव आहे म्हणून त्याला वाटतं जागा मिळाली. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि कोकणातले निम्मे जमिनीचे तंटे या दोन समजुतींवर उभे आहेत असं मला इतकी वर्षं लोकांचे उतारे वाचून वाटतं.

२०२५ च्या एप्रिलपासून महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबवली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, असा तिचा हेतू. मोहीम चांगलीच होती. पण तिच्यामुळे अनेक घरांत पहिल्यांदाच उतारा उघडून पाहिला गेला आणि प्रश्नांना तोंड फुटलं. म्हणून हे सगळं पायापासून सांगतो.

सातबारा म्हणजे नेमकं काय?

गावचा महसूल हिशोब वेगवेगळ्या नमुन्यांत ठेवला जातो. त्यातला नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे, किती आहे, आकार (सारा) किती, इतर कोणाचे हक्क आहेत याची नोंद. नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत काय पिकतं याची नोंद. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. नावात बदल झाला की तो आधी नमुना सहामध्ये लिहिला जातो. त्याला फेरफार म्हणतात. सातबाऱ्यावर नावाशेजारी जो आकडा दिसतो तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव इथे कसं आलं, याची गोष्ट त्या फेरफारात असते. सातबारा वाचणारे खूप, फेरफार काढून वाचणारे थोडे. खरी माहिती मात्र तिथेच सापडते.

आता मुद्द्याची गोष्ट. ही सगळी वही सरकारने सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी ठेवलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे तिच्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी येते ती वारसाहक्काने, खरेदीखताने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने किंवा कोर्टाच्या निकालाने. नोंद ही त्या मालकीची मागाहून घेतलेली दखल. फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

शाळेच्या हजेरीपटाचं घ्या. गुरुजींनी एखाद्या मुलाचं नाव लिहायचं विसरलं म्हणून तो त्या घरचा मुलगा राहत नाही असं होत नाही. पण नाव नसलं की त्याला पदोपदी अडतं, हेही तितकंच खरं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वारसाचं तसंच असतं. हक्क शाबूत, पण पीककर्ज, भूसंपादनाची भरपाई, नोटीस, मोजणी, प्रत्येक ठिकाणी अडचण.

आपल्याकडे आणखी एक खुबी आहे. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे तो सगळ्यांच्या वतीने नाव लावून बसलेला आहे, एकटा मालक नाही. पुढे केव्हातरी उतारा नव्याने लिहिताना ती अक्षरं गळतात आणि त्याच्या नातवाला वाटतं, जमीन आजोबांची एकट्याची होती. म्हणून जुना, हाताने लिहिलेला उतारा काढून बघा. मोडी किंवा जुन्या वळणाची अक्षरं लागत नसतील तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.

न कापलेला फणस

सामाईक जमीन म्हणजे काय, हे समजायला फणस पुरेसा आहे. चौघा भावंडांनी मिळून एक फणस आणला आणि अजून कापलेला नाही. प्रत्येकाचा चौथा हिस्सा नक्की. पण कोणता गरा कोणाचा? कोणीच सांगू शकत नाही. प्रत्येक गऱ्यात चौघांचा वाटा आहे. एकाने "देठाकडचे गरे माझे" म्हणून शेजाऱ्याला विकले, तर त्याने बाकी तिघांचंही विकलं.

जमिनीचं हेच आहे. वाटप झालं नाही तोवर तुमचा हिस्सा त्या सर्व्हे नंबरच्या प्रत्येक बांधात, प्रत्येक झाडात, विहिरीच्या प्रत्येक घागरीत आहे. पण 'ही जागा माझी' असं बोट दाखवता येईल असा एक हातही नाही. डोंबिवलीच्या गृहस्थांनी विकत घेतला तो हिस्सा. त्यांना दाखवली ती जागा, चार दगड मांडून, आंब्याखालची, रस्त्यालगतची. खरेदीखतात "सामाईक क्षेत्रापैकी पाच गुंठे" असं लिहिलं होतं आणि चतुःसीमा मात्र त्या दगडांच्या. त्यांना फणसाचा वाटेकरी होता आलं. गरा मिळाला नाही.

नावं वाढतात कशी: आणे-पैचा हिशोब

कोकणात हिस्सा अजून आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे सगळी जमीन, एक आणा म्हणजे बारा पै. जुन्या माणसांची ही आणेवारी हिशोबाला फार सोयीची आहे. एक उदाहरण करू. आजोबांनी स्वतः घेतलेली ३२ गुंठे जमीन. आजी आधीच गेलेली, मृत्युपत्र केलेलं नाही. तीन मुलगे, एक मुलगी. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे चौघांना सारखे चार-चार आणे, म्हणजे आठ-आठ गुंठे.

थोरला मुलगा वारला. त्याच्या मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. चार आण्यांचे चार वाटे, प्रत्येकी एक आणा, दोन गुंठे. पुढे या दोन मुलग्यांपैकी एक मुंबईत वारला. त्याच्या मागे बायको आणि दोन मुलं. इथे बहुतेक जण तीन वाटे करतात आणि चुकतात, कारण आई हयात आहे आणि मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गाची वारस असते. एक आण्याचे चार वाटे, प्रत्येकी तीन पै. जमिनीच्या भाषेत अर्धा गुंठा, साधारण ५० चौरस मीटर. एक बेताचा मांगर, म्हणजे शेतातली खोप, बसेल एवढी जागा.

मोजून बघा, या एका ३२ गुंठ्यांवर आता नऊ नावं आहेत, आणि आपण तीनच मृत्यू मोजलेत. त्या तीन पैच्या मालकांनी गाव दोनदा पाहिलं असेल, एकदा शिमग्याला, एकदा गणपतीला. मुंबईत गिरणीत गेलेल्यांच्या, मग १९८२ च्या संपानंतर विरार-डोंबिवलीकडे सरकलेल्यांच्या घरी वारसनोंद करायला वेळ कोणाला होता? गावात राहिलेल्याने कसायची, मुंबईकरांनी गणपतीला यायचं, असा अलिखित करार होता. तो विश्वासावर चालला आणि जमिनीला भाव नव्हता तोवर छान चालला. मग कोकण रेल्वे आली, महामार्गाचं चौपदरीकरण आलं, चिपीला विमानतळ झाला, समुद्रकाठी हॉटेलं आली. गुंठ्याचा भाव लाखात गेला आणि मुंबईतल्या तीन पैलाही आपली आठवण झाली.

हा हिशोब हिंदू कुटुंबाचा आहे. कोकणी मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांत वाटे त्यांच्या त्यांच्या वारसा कायद्याने ठरतात, आकडे वेगळे येतात. वाटे ठरल्यानंतरची फणसाची गोष्ट मात्र सगळ्यांना सारखी लागू.

"बहिणीचं लग्न झालं, तिला दिलं-घेतलं. आता तिचा हक्क कसला?"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि बहुधा बहीण शेजारी बसलेली नसताना. उत्तर स्वच्छ आहे. लग्नात दिलेलं सोनं किंवा केलेला खर्च म्हणजे हक्कसोड नव्हे. स्थावर मिळकतीतला हक्क तोंडी सोडता येत नाही, तलाठ्यापुढे दिलेल्या साध्या जबाबानेही नाही. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं.

वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्माने भागीदार नव्हती. तरी वडिलांच्या वाट्याला जे येई त्यात तिचा हिस्सा होताच. ९ सप्टेंबर २००५ पासून कायदा बदलला आणि ती मुलासारखीच जन्माने भागीदार झाली. त्यावर वाद होता की वडील त्या तारखेला हयात हवेत का. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हयात असण्याची गरज नाही. अपवाद एक: २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमाने खरोखरचं वाटप होऊन गेलं असेल तर ते उकरता येत नाही. तोंडी वाटप झालं होतं असं कोणी म्हणालं तर कोर्ट सरकारी कागदांचा भक्कम आधार मागतं.

म्हणजे आत्यांचे वडील १९८६ ला गेले काय आणि १९८७ च्या फेरफारात नाव आलं नाही काय, हक्क गेलेला नाही.

बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण तिला न सांगता वारसांच्या यादीतून तिचं नाव गाळणं, "एवढेच वारस आहेत" असं खोटं प्रतिज्ञापत्र करणं, ही फसवणूक आहे. आपल्या घरांत ती इतकी सवयीची झाली आहे की करणाऱ्याला ती फसवणूक वाटतही नाही. मला मनापासून वाईट वाटतं ते याचं.

"काका पन्नास वर्षं तिथे राहतात. बारा वर्षांनी जमीन त्यांची होते ना?"

परक्याने उघडपणे, मालकाच्या हक्काला विरोध करून बारा वर्षं ताबा ठेवला तर तो तसा दावा सांगू शकतो. सहहिस्सेदाराचं तसं नाही. एका वाटेकऱ्याचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने आहे असं कायदा धरतो. काका राहिले, भात लावलं, घरपट्टी भरली, म्हणून बाकीचे वगळले जात नाहीत. "तुमचा इथे काही संबंध नाही" असं त्यांनी उघड सांगितलं, इतरांना हाकलून लावलं आणि तशा स्थितीत बारा वर्षं गेली, तरच त्या दाव्यात दम येतो. तो शाबीत करण्याचं ओझंही काकांवरच.

घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा यांनाही लोक मालकीचा कागद समजतात. तो कर कोणाकडून घ्यायचा याचा कागद आहे, एवढंच.

"कलमं मी लावली. मुंबईकर आता वाटा मागतात, हा न्याय आहे का?"

या प्रश्नामागचा राग मला कळतो. कातळावर सुरुंग लावून खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली, पहिली चार वर्षं उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी घातलं, वानर-माकडं हाकलली, आणि हापूस धरायला लागल्यावर पुतण्याने फोन करून विचारलं, "काका, आमचे किती?"

जमिनीतला पुतण्याचा हिस्सा आहे तो आहे. पण वाटप करताना कोर्ट डोळे मिटून सरळ रेघ मारत नाही. ज्याने सामाईक जमिनीच्या एका भागात पदरचा पैसा घालून सुधारणा केली, तो भाग शक्यतो त्याच्याच वाट्याला द्यावा आणि बाकीच्यांना इतरत्र समतोल जागा द्यावी, असं न्यायाचं तत्त्व आहे. त्यासाठी पुरावा हवा. रोपवाटिकेची पावती, खताची बिलं, मजुरीची वही, फवारणीचा खर्च जपून ठेवा. नमुना बारामध्ये पीक कोणाच्या नावाने लागतं ते दरवर्षी बघा. ई-पीक पाहणी आता मोबाईलवरून स्वतः करता येते, ती चुकवू नका. आणि पुतण्यालाही सांगेन, उत्पन्नाचा हिशोब मागण्याआधी खर्चाचा हिशोब ऐकून घ्यावा.

"मी सही केली नाही तर कोणी विकूच शकत नाही ना?"

विकू शकतो. स्वतःचा अविभक्त हिस्सा विकायला बाकीच्यांची संमती कायद्याने लागत नाही. विकत घेणारा मग तुमचा सहहिस्सेदार होतो आणि वाटपाचा दावा लावू शकतो. व्यवहारात हेच होतं: सोळांपैकी दोन आणे कोणीतरी बाहेरच्याला जातात आणि त्या दोन आण्यांच्या जोरावर सगळी भावकी कोर्टात खेचली जाते.

यावर तीन आडकाठ्या कायद्याने दिल्या आहेत. पहिली, राहतं घर. एकत्र कुटुंबाच्या घराचा हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी त्याला घरात घुसून एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा केलाच, तर घरातला कोणीही कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो. दुसरी, हिंदू वारसा कायद्याचं कलम २२. आईवडिलांकडून थेट वारसाने मिळालेला हिस्सा एखादं भावंड विकायला निघालं, तर दुसऱ्या भावंडांना तो आधी विकत घेण्याचा अग्रहक्क आहे. शेतजमिनीलाही तो लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तिसरी, शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो.

विकत घेणाऱ्यांना माझं सांगणं एकच. सामाईक क्षेत्रातली 'दाखवलेली' जागा घेऊ नका. सगळे हिस्सेदार सहीला उभे करा, नाहीतर वाटप होऊन स्वतंत्र उतारा होईपर्यंत थांबा. एजंट म्हणेल, "बाकीचे आपलेच आहेत, नंतर सही देतील." आजच घेता येत नसलेली सही नंतर का मिळेल?

सही कोणत्या कागदावर मागतायत?

गुन्ह्याची सुरुवात बहुधा इथे होते. महामार्गाची भरपाई यायची आहे, वीजजोडणी घ्यायची आहे, विहिरीसाठी अनुदान आहे, असं सांगून गावचा कोणी मुंबईला येतो आणि पाच-सहा पानांवर सह्या घेऊन जातो. त्यात कुलमुखत्यारपत्र असतं.

कुलमुखत्यारपत्र म्हणजे 'माझ्या वतीने तू कर' असा अधिकार. कशासाठी, हे त्यातल्या शब्दांवर ठरतं. 'विक्री करणे, खरेदीखत करून देणे, मोबदला स्वीकारणे' हे शब्द असतील तर तुम्ही घराची किल्ली दिलीत. भरपाईचा अर्ज करायला विक्रीचा अधिकार लागत नाही. ते शब्द खोडायला सांगा, आणि प्रत्येक पानाची प्रत स्वतःकडे ठेवा. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र तिथेच संपतं. तरीही मयताचं मुखत्यारपत्र वापरून दस्त केल्याच्या तक्रारी होतात. आणि फक्त मुखत्यारपत्रावर जमीन 'घेतली' असं कोणी समजत असेल तर मालकी तशी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सांगून टाकलं आहे. दिलेलं मुखत्यारपत्र रद्द करायचं तर रद्दपत्राची नोंदणी करा, ज्याला दिलं त्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

हक्कसोडपत्रही नीट वाचा. कोणाच्या लाभात सोडताय, हे त्यात लिहिलेलं असतं. "सगळ्या भावांसाठी" म्हणून सही घेतली आणि कागदात एकाच भावाचं नाव निघालं, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बनावट सही, तोतया माणूस उभा करून केलेला दस्त, गाळलेले वारस, या गोष्टी १ जुलै २०२४ नंतर घडल्या असतील तर भारतीय न्याय संहितेखाली येतात: फसवणूक कलम ३१८, बनावट दस्तऐवज कलम ३३६ आणि पुढची कलमं. त्याआधीच्या घटनांना जुनी दंडसंहिता लागते. पोलिसांकडे जाताना दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत घेऊन जा. त्या प्रतीवर फोटो आणि अंगठे असतात. तिथे उभा राहिलेला माणूस कोण, हे त्यावरून कळतं. मात्र पोलिसांत तक्रार झाली म्हणून दस्त आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टातच जावं लागतं, आणि दावा लावल्याबरोबर त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे पुढचा घेणारा "मला माहीत नव्हतं" म्हणू शकणार नाही.

नोंद होतेय हे मला कळणार कसं?

कोणताही फेरफार एका दिवसात पक्का होत नाही. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठीच, नोंद लिहितात, सातबाऱ्यावर हितसंबंध असलेल्यांना नोटीस काढतात, चावडीवर ती लावतात. हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर नोंद वादग्रस्त ठरते आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी मंजूर करतात.

अडचण अशी की नोटीस जाते गावच्या पत्त्यावर, मुंबईकराच्या बंद घराच्या कडीला. म्हणून महसूल खात्याच्या महाभूमी संकेतस्थळावर 'आपली चावडी' नावाची सोय आहे, तिथे गाव निवडलं की चालू नोंदी दिसतात. महिन्यातून एकदा बघायला पाच मिनिटं लागतात. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. माझा एक नातलग दर संकष्टीला गावचा उतारा बघतो. तारीख लक्षात राहते म्हणून.

नोंद मंजूर झाल्यावर कळलं तर प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, साठ दिवसांत अपील करता येतं. उशीर झाला तर कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज जोडायचा. कोणी वारलं असेल तर वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र घेऊन अर्ज करा. तीन महिन्यांत कळवावं असं कायदा सांगतो. तीस वर्षं झाली तरी अर्ज घेतात, फक्त तोवर मधल्या पिढीचे दाखले शोधावे लागतात, आणि ते परळच्या कुठल्या चाळीत, कुठल्या ट्रंकेत आहेत हे सांगणारं माणूसही गेलेलं असतं.

मग फणस कापायचा कसा?

सगळे राजी असतील तर वाटणीपत्र करून नोंदणी करणं सर्वांत पक्कं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला, त्यामुळे खर्चाची सबब आता फारशी उरलेली नाही. दुसरी वाट तहसीलदारांची, महसूल संहितेचं कलम ८५. अर्ज, नकाशा, सर्वांचे जबाब. इथे कोणी "याचा हिस्साच नाही" असा हक्काचा वाद काढला की तहसीलदार थांबतात आणि प्रकरण दिवाणी कोर्टात जातं. कोर्ट आधी प्रत्येकाचे आणे ठरवतं. जागेवरची शेतजमिनीची प्रत्यक्ष विभागणी मग कोर्टाच्या हुकूमावरून महसूल आणि भूमी अभिलेख खातं करतं. या वाटेला वर्षं जातात. अनेकदा दावा लावणारा निकाल बघायला राहत नाही आणि त्याच्या जागी पुन्हा चार वारस येतात.

नुसती मोजणी करून घेतली म्हणजे वाटप झालं, असंही काही जण समजतात. मोजणी हद्द दाखवते. हिस्सा पाडत नाही.

वाटप करताना विहीर, पाणंद, देवघराची खोली, गोठ्याकडे जाणारी वाट आणि पूर्वापार कुळाची नोंद यांचा कागदावर उल्लेख करायला विसरू नका. मोठ्या तुकड्यांवर एकमत होतं आणि विहिरीवरच्या पंपावरून भावंडं बोलेनाशी होतात, हे वाडीवाडीत दिसतं. अगदी छोट्या हिस्सेदारांना जमिनीऐवजी पैसे देऊन मोकळं करणं अनेकदा शहाणपणाचं. तीन पैवाल्याला अर्धा गुंठा देऊन तो काय करणार, आणि शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदाही आड येतो.

आत्यांच्या घरी ऋषिपंचमीच्या दुपारी सगळे जमले होते. मुंबईहून आलेले भाचे, सुना, एक नातजावई. मी आणेवारी पाटीवर खडूने लिहून दाखवली. थोरला भाचा बराच वेळ पाटीकडे बघत बसला आणि म्हणाला, "आत्येचा नाव लावूक व्हयाच." प्रांतांकडे अपील आणि विलंबमाफीचा अर्ज गेला, तिन्ही भाच्यांनी हरकत नसल्याचे जबाब दिले. नोंद झाली. आता वाटणीपत्राचा मसुदा तयार आहे. आत्या धरून अठरा सह्या हव्यात, तेरा झाल्यात. उरलेल्या पाचांपैकी दोघे अहमदाबादला असतात, शिमग्याला येतो म्हणालेत.